‘आमच्या’ या शब्दाची व्याप्ती : रमाबाई रानडे यांच्या आठवणींचा पुनर्विचार

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली, गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. तेव्हापासून त्याचे वाचन प्रामुख्याने दोन दृष्टींनी होत आले आहे. काहींनी त्यात एका पतिपरायण स्त्रीने वाहिलेली श्रद्धांजली पाहिली; तर काहींनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या चरित्राचे साधन म्हणून त्याचा उपयोग केला. दोन्ही दृष्टी आपापल्या परीने सार्थ आहेत. परंतु दोहोंतही एक गृहीत समान आहे. ते असे की, रानड्यांचे सार्वजनिक कार्य हा मुख्य विषय, आणि घरातील हकीकत ही त्याची पार्श्वभूमी. प्रस्तुत लेखात या गृहीताचीच तपासणी करावयाची आहे. इंग्रजी अंमलातील महाराष्ट्रात सार्वजनिक प्रश्न आणि माजघर ही दोन वेगळी क्षेत्रे नव्हती, आणि सुधारणेची बरीचशी किंमत सभागृहात नव्हे, तर माजघरात मोजली गेली, याची या पुस्तकाइतकी सलग साक्ष त्या काळच्या मराठी वाङ्मयात क्वचितच आढळेल.

प्रथम शीर्षकाकडे लक्ष द्यावे. रमाबाईंनी ‘माझ्या’ असे म्हटले नाही, ‘त्यांच्या’ असेही म्हटले नाही. ‘आमच्या’ हा शब्द विनयाचा आहेच. पण तो हक्काचाही आहे. पतीचे नाव घ्यावयाचे नाही, ही त्या काळच्या कुलस्त्रीची मर्यादा. कॅथरिन गेट्स यांनी १९३८ साली केलेल्या इंग्रजी भाषांतराला ‘हिमसेल्फ’, म्हणजे ‘स्वतः’, असे नाव द्यावे, यातच त्या मर्यादेची छाया दिसते. परंतु ज्या पुरुषाचे नाव घ्यावयाचे नाही, त्याच्या आयुष्यात स्वतःचे आयुष्य मिळवून दोहोंना मिळून ‘आमचे’ म्हणावयाचे, हे धाडस त्या मर्यादेच्या आत राहूनच केलेले आहे.

या सहजीवनाचा आरंभ एका पराभवातून झाला. १८७३ च्या ऑक्टोबर महिन्यात रानड्यांची प्रथम पत्नी निवर्तली. रानडे विधवाविवाहाचे प्रमुख पुरस्कर्ते. तेव्हा ते आता विधवेशी विवाह करतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांनी ती संधीच दिली नाही. डिसेंबरमध्ये एकतीस वर्षांच्या रानड्यांचा विवाह अकरा वर्षांच्या मुलीशी झाला. पितापुत्रांतील या संघर्षाची हकीकत रमाबाईंनी सविस्तर दिली आहे. ती वाचताना अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगावयास हवी. हा प्रसंग लेखिकेने पाहिलेला नाही. तो तिने मागाहून, सासरच्या माणसांकडून ऐकलेला आहे, आणि पतीची बाजू समजून घेण्याच्या इच्छेने सांगितलेला आहे. म्हणून रानड्यांनी वडिलांपुढे मान का तुकविली, याचा निर्णायक पुरावा म्हणून तो स्वीकारता येणार नाही. मात्र विरोधकांनी ज्या घटनेवरून पुढे आयुष्यभर बोल लावले, ती घटना त्या नववधूला कोणत्या रूपात समजावून देण्यात आली, याचा तो अव्वल पुरावा आहे.

त्यानंतर शिक्षणाचे प्रकरण येते. अक्षरओळख नसलेल्या या मुलीला रानड्यांनी विवाहानंतर लगेच पाटीवर धडे देण्यास प्रारंभ केला. स्त्रीशिक्षण हा शब्द तत्कालीन भाषणांतून आपणांस परिचित असतो. रमाबाईंच्या पुस्तकात त्याचा दैनंदिन व्यवहार कळतो. दिवसभर घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या धाकात कामे करावयाची, रात्री पतीपाशी वाचावयाचे, आणि सकाळी पुन्हा त्याच स्त्रियांची बोलणी ऐकावयाची, असा हा क्रम. पुढे इंग्रजी शिकविण्यास मिशनच्या बाई येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्याजवळ बसल्यावर स्नान केल्याशिवाय घरात वावरता येत नसे. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या व आर्य महिला समाजाच्या सभा सुरू झाल्या. तेथे जाण्यावरूनही घरात वादळे उठली. मुलींच्या हायस्कुलासाठी १८८४ च्या सुमारास जी चळवळ झाली, तिची नोंद सभांच्या वृत्तांतांत सापडते. सभेत इंग्रजीतून बोलणारी सून संध्याकाळी स्वयंपाकघरात परतल्यावर तिच्याशी कोण कसे वागले, हे मात्र वृत्तांतात सापडत नाही. ते या पुस्तकात सापडते.

सरकारची छायाही याच उंबरठ्यावरून आत येते. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने पुणे हादरले होते. त्याच वर्षी मे महिन्यात बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. सार्वजनिक सभेशी निकट संबंध असलेल्या रानड्यांवर सरकारची संशयित नजर वळली, आणि नाशिकास असलेल्या या न्यायाधीशाची धुळ्यास बदली झाली. तेथे त्यांची पत्रे फोडून पाहिली जात. बंडवाल्यांच्या नावाने फसवी पत्रेही येत, आणि रानडे ती जशीच्या तशी पोलिसांकडे पाठवीत. राजकीय इतिहासात ही एक लहानशी टीप ठरेल. रमाबाईंच्या कथनात ती एका घराची अवस्था होते. ज्या सरकारचे अन्न खावयाचे, त्यानेच आपली टपाल वाचावी, आणि त्याबद्दल घरात त्रागा न करता नित्यक्रम चालवावा, ही वसाहतीतील सुशिक्षित नोकरदाराची खरी कोंडी होती. रानड्यांच्या निबंधांतून तिचा पत्ता लागणार नाही.

पंचहौद मिशनमधील चहाचे प्रकरण (१४ ऑक्टोबर १८९०) याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. वर्तमानपत्रांनी व शंकराचार्यांपुढील चौकशीने तो धर्मशास्त्राचा वाद बनविला. परंतु बहिष्काराचा अर्थ व्यवहारात असा की, श्राद्धपक्षाला ब्राह्मण मिळत नाहीत, लेकीबाळींचे येणेजाणे थांबते, आणि त्याची झळ प्रथम बायकांना लागते. स्नेह्यांची अडचण पाहून रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. हा निर्णय रमाबाईंना सहज पटला नव्हता. ते त्यांनी दडविलेले नाही. निष्ठावंत पत्नीच्या लेखणीतून उमटलेला हा संदेह मोलाचा आहे, कारण जेथे स्तुती करणे सर्वांत सोपे होते, नेमके तेथेच त्या थबकल्या आहेत.

आता या ग्रंथाच्या मर्यादा. रानडे नाराजी शब्दाने न दाखविता मौनाने दाखवीत. त्या मौनाने तरुण पत्नीची झालेली तगमग रमाबाई सांगतात, पण तिचा दोष नेहमी स्वतःकडे घेतात. सुधारक पतीचे शिक्षणही आज्ञेच्या रूपानेच येत होते, हा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. त्यासाठी लागणारे सर्व तपशील मात्र प्रामाणिकपणे नोंदविले. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. घरातील सासू, विधवा नणंद व आश्रित स्त्रिया या पुस्तकात बहुधा विरोधक म्हणूनच येतात. अनेक वाचकांनी त्यांना खलपात्रे ठरविले आहे. तो त्यांच्यावर अन्याय होय. ज्या विधवेला त्या घरात सोवळ्यातील अधिकारापलीकडे दुसरा अधिकार नव्हता, तिच्यासमोर धाकटी भावजय पुस्तक हाती घेऊन बसते, तेव्हा तिचे काय हिरावले जाते? तिच्या पुनर्विवाहाचा विचार त्याच सुधारकाच्या घरात झाला नाही, हे तिला ठाऊक नसेल काय? हे प्रश्न रमाबाईंनी विचारले नाहीत. पण ते विचारता यावेत इतकी सामग्री त्यांच्याच पुस्तकात आहे, आणि या स्त्रियांची दुसरी साक्ष आज आपणांजवळ नाही.

कथन १६ जानेवारी १९०१ या रानड्यांच्या मृत्युदिनाशी थांबते. पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा रमाबाई पुण्यात सेवासदनाचे काम उभारीत होत्या; पुढे मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठीही त्या झगडल्या. यातील काहीच येथे नाही, कारण ‘आमचे’ आयुष्य संपले होते, आणि ‘माझे’ आयुष्य त्यांना लिहावयाजोगे वाटले नसावे. या संकोचाबद्दल हळहळ वाटते. तथापि, ठराव, अर्ज आणि भाषणे यांवरूनच त्या काळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला हे पुस्तक अडवून एकच विचारते : सभा संपल्यावर ही माणसे घरी गेली, तेव्हा दार कोणी उघडले, आणि उघडणारीला त्याचे काय मोल द्यावे लागले? हा प्रश्न वगळून लिहिलेला सुधारणेचा इतिहास अर्धाच राहील.