‘बंद करा’ म्हणजे नेमके काय करा? : संगणकाच्या मराठी परिभाषेची तपासणी

(दीपनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय तसा रुक्ष आहे. आपला संगणक किंवा मोबाइल ज्या मूळ प्रणालीवर चालतो, तिच्या मराठी सूचना, बटणांवरची नावे आणि मदतीची पाने यांत एका गोष्टीला एकच शब्द असावा की नाही, एवढाच प्रश्न आहे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण शब्द आणि वस्तू यांचे नाते हाच तर आमचा जुना धंदा!

सुरुवात नावापासूनच करू. ऑपरेटिंग सिस्टीमला मराठीत काय म्हणायचे? कोणी प्रचालन प्रणाली म्हणतो, कोणी संचालन प्रणाली, कोणी कार्यप्रणाली, आणि बहुतेक लोक सरळ ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. पुढे जा. ‘सेव्ह’साठी कुठे ‘साठवा’, कुठे ‘जतन करा’, कुठे ‘सेव्ह करा’. पासवर्ड कुठे पासवर्डच असतो, कुठे संकेतशब्द होतो, कुठे परवलीचा शब्द. सेटिंग्जचे कुठे ‘संयोजना’ झाले. यातला एकही शब्द वाईट नाही. माझी तक्रार वेगळी आहे. मदतीचे पान म्हणते ‘जतन करा’ दाबा, आणि पडद्यावरच्या बटणावर लिहिलेले असते ‘साठवा’. कथा-कवितेत शब्द अर्थ सुचवतो. सूचनेत तो बोट दाखवतो. दाखवलेल्या जागी ती वस्तू नसेल, तर शब्द कितीही सुंदर असला तरी निरुपयोगी.

हा झाला पहिला दोष, एका वस्तूला अनेक नावे. दुसरा दोष याच्या उलट आणि जास्त घातक आहे, एका नावाखाली अनेक वस्तू. ‘बंद करा’ घ्या. खिडकी बंद करा, ब्लूटूथ बंद करा, सूचना येणे बंद करा, अख्खा संगणक बंद करा. इंग्रजीत या चार क्रियांना चार वेगळे शब्द आहेत. मराठीत सगळ्यांवर एकच शिक्का. आता तुम्ही वीज केंद्राच्या वसाहतीतली माणसे. तुम्हाला मी काय सांगणार? ५०० मेगावॉटचा संच ‘बंद पडला’, ‘बंद केला’ आणि ‘बंद ठेवला’ यांतला फरक इथे शाळकरी मुलालाही कळतो. पहिल्यात बिघाड आहे, दुसऱ्यात निर्णय आहे, तिसऱ्यात कदाचित मागणीच कमी आहे. म्हणजे भेद करण्याची ताकद मराठीत आहे. अनुवादकाने ती वापरली नाही. आणि दुरुस्तीला जाताना व्हॉल्व्हचे कागदावरचे नाव एक आणि पाटीवरचे दुसरे असेल तर काय होऊ शकते, तेही तुम्ही जाणता.

आणखी एक उदाहरण. ‘रिमूव्ह’साठी ‘काढा’ हा शब्द सर्रास वापरतात. मग फोटोच्या बाबतीत तो काय सांगतो? ‘फोटो काढा’! मराठी माणूस कॅमेरा समोर धरील. (हशा) हसू नका, ‘हटवा’चेही तेच आहे. आपण रस्त्यातली गाडी हटवतो, म्हणजे बाजूला करतो; ती नाहीशी होत नाही. नातवंडांचे फोटो ‘हटवणाऱ्या’ आजींना ते कुठेतरी बाजूला ठेवलेत असे वाटले, तर चूक आजींची नाही. त्यात एका ठिकाणी ‘हटवा’ म्हणजे कचरापेटीत टाका आणि दुसऱ्या ठिकाणी कायमचे नष्ट करा असे असेल, तर सावध माणूसही फसेल.

हे असे का होते, याचे कारण कामाच्या पद्धतीत आहे. अनुवादकासमोर पडदा नसतो, सुटी वाक्ये असतात. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षे वापरल्या जाणाऱ्या गेटटेक्स्ट या पद्धतीत इंग्रजी मजकूर सारखा असेल, तर तो संदर्भ वेगळा नोंदवल्याशिवाय एकच नोंद धरला जातो. मग ‘ओपन’ म्हणजे ‘उघडा’ ही आज्ञा, की ‘उघडे आहे’ ही स्थिती? इंग्रजीत चालून जाते, मराठीत अडते. शिवाय बटणे एकजण अनुवादतो, मदतीची पाने दुसरा, आणि दोघांची गाठ पडत नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो. सुसंगती म्हणजे एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द, असे नव्हे. ‘फ्री’ पाहा. फ्री अॅप मोफत असते, डिस्कवरची फ्री जागा मोकळी असते आणि फ्री सॉफ्टवेअर मुक्त असते. तिन्हीकडे ‘मोफत’ लिहिले तर ती सुसंगती नाही, तो आंधळेपणा आहे. एका संकल्पनेला एक शब्द, असा नियम हवा. संकल्पना आधी वेगळ्या करायच्या, मग नावे द्यायची. पाणिनीने हेच केले. ‘वृद्धि’ म्हणजे व्यवहारात वाढ. त्याने पहिल्याच सूत्रात हे नाव आ, ऐ, औ या तीन स्वरांना देऊन टाकले आणि पुढे जवळजवळ ४००० सूत्रांचा डोलारा अशा संज्ञांवर उभा केला. घु, घ, टि अशी त्याची कितीतरी नावे कानाला विचित्र लागतात. पण वाचणाऱ्याला नाव कळले की काम होते.

आपल्याकडे वाद मात्र भलताच चालतो : संस्कृत शब्द घ्यावा की इंग्रजी? हा वाद जुना आहे. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, दहा वर्गांत सुमारे १४०० शब्द. तरी कागद, जमीन, वसूल हे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत. उलट भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले, १९६२ ला पदनाम कोश आला, आणि ‘जिल्हाधिकारी’, ‘आयुक्त’, ‘संचालक’ हे शब्द रुजले. का? केवळ कोशात छापले म्हणून नाही. पाटीवर, शिक्क्यावर, पत्राच्या खाली, जळगावात आणि धुळ्यात, सगळीकडे तेच नाव दिसले म्हणून. लोकांना शब्द कठीण वाटत नाही, बदलता शब्द कठीण वाटतो.

संगणकाच्या बाबतीत असा प्रयत्न झालाच नाही असे नाही. रेड हॅटच्या पुढाकाराने २००८ मध्ये ‘फ्युएल’ हा प्रकल्प सुरू झाला. पडद्यावर वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी करून, त्या त्या भाषेच्या लोकांनी एकत्र बसून एकेक शब्द ठरवावा, ही कल्पना. मराठीची यादीही झाली. दिशा अगदी बरोबर होती. पण यादी बंधनकारक नसते. मोठ्या कंपन्यांची आपापली यादी असते, सरकारी संकेतस्थळांची तिसरीच.

एक आक्षेप मला मान्य आहे. समानार्थी शब्द हे भाषेचे वैभव आहे, ते छाटायचे का? मुळीच नाही. कादंबरीत दहा शब्द वापरा. पण औषधाच्या बाटलीवर रोज नवा शब्द कोणी लिहीत नाही.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. माणूस हौसेने मोबाइल मराठीत करतो, चार दिवस गोंधळतो आणि पुन्हा इंग्रजीवर जातो. मग सगळे म्हणतात, ‘मराठीत तंत्रज्ञान जमत नाही बुवा!’ दोष होता संपादनाचा, शिक्षा झाली भाषेला. आणि ज्याला इंग्रजी येतच नाही, त्याला परत फिरायलाही जागा नाही. तो मुलाच्या हातात मोबाइल देतो; पासवर्ड, बँक, सगळे त्याच्या हवाली. आपल्या यंत्रावरचा त्याचा ताबाच गेला.

म्हणून माझे मागणे तीनच गोष्टींचे आहे. बटण आणि मदतीचे पान यांत अक्षरशः तोच शब्द हवा. न परतणाऱ्या क्रियेचा शब्द परतणाऱ्या क्रियेला कधीही वापरू नये. आणि ठरलेला शब्द बदलायचाच असेल तर सगळीकडे एकदम बदलावा, जुना शब्दही काही काळ नोंदवून ठेवावा. यासाठी नवा कोश नको, एक चिकट संपादक हवा. तुमच्यातले जे तरुण सॉफ्टवेअरचे अनुवाद करतात, त्यांनी पुढचा शब्द लिहिण्याआधी शेजारच्या पानावर कोणता लिहिलाय, एवढे पाहावे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.