मोरगावची राख आणि तिचे वय

बारामती-इंदापूरकडे जमीन खणली की काळा बेसॉल्ट लागतो. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मात्र बारामती तालुक्यातील मोरगावजवळ कऱ्हेच्या गाळात एक फिकट, पिठासारखा मऊ राखेचा थर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात काचेच्या बारीक, वक्र कपच्या दिसतात. ही काच दख्खनच्या लाव्ह्याची नाही. तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीची आहे.

‘लाव्हा चटकन थंड झाला की काच होते’ एवढेच आपण वर्गात सांगतो. ते अपुरे आहे. बेसॉल्टमध्ये सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास असते, तर तोबाच्या काचेत ७५ टक्क्यांच्या आसपास. सिलिका जास्त असली की शिलारस घट्ट होतो आणि अणूंना स्फटिकात रचले जायला अधिक वेळ लागतो. स्फोटात तो वेळच मिळाला नाही. वायूचे बुडबुडे फुगून फुटले आणि त्यांच्या भिंतींचे तुकडे हवेतच गोठले. म्हणून कपच्या वक्र.

त्याहून मोठा आक्षेप आहे तो ‘राख म्हणजे थराचे घड्याळ’ या समजावर. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरी येथे अशाच राखेच्या सान्निध्यात अश्युलियन दगडी हत्यारे मिळाली. १९८९ मध्ये पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने त्या राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे आले आणि इथला माणूसही तितका जुना ठरू लागला. १९९५ मध्ये एका गटाला ते ६.७ लाख वर्षे मिळाले. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने काचेच्या रासायनिक घटकांवरून अशी राख तोबाच्या सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली. रवी कोरीसेट्टर यांचे नाव १९८९च्या आणि या शेवटच्या, अशा दोन्ही शोधनिबंधांत आहे. हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. पुढे ८ लाख वर्षांचा पक्षही मांडला गेला.

एवढी तफावत का? एक तर राखेत जुन्या बेसॉल्टची थोडी वाळू मिसळली तरी वय फुगते. शिवाय अचूक वय मिळाले, तरी ते काच गोठल्याचे. नदीने राख उचलून पुन्हा अंथरली असेल तर थर राखेहून नवा ठरतो. हत्यारेही वाहून आलेली असू शकतात. काचेचे, थराचे आणि हत्याराचे वय हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तेव्हा आकडा पाठ करून घेण्याआधी, तो यांपैकी कशाचा आहे हे विचारायला मुलांना शिकवावे.