यादीत नसलेली हलगी

संगणकावर बांधलेल्या भीमगीताची चर्चा आपल्याकडे दोनच तऱ्हांनी होते. एक तर डीजेने जलसा बुडविला म्हणून गळा काढला जातो, नाहीतर मिरवणुकीत किती पोरे नाचली यावरून गीताचे मोल ठरते. गीताची बांधणी कोणी तपासत नाही. ती तपासणे आता भाग आहे, कारण हे गीत एका जागी तयार होत नाही. शब्द ढाणकीत लिहिले जातात, ट्रॅक नांदेडला किंवा पुण्याला बांधला जातो, गायक तिसऱ्याच गावी कानाला इयरफोन लावून गातो. तिघे एकमेकांना फायली पाठवितात. पुष्कळदा त्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते.

यात मला आधी चांगलेच दिसते. उमरखेड तालुक्यातल्या गीतकाराला स्टुडिओचे भाडे आणि वादकांचे मानधन परवडले नसते. कॅसेट कंपनीच्या दाराशी ताटकळणे संपले, ही लहान गोष्ट नव्हे. आणि अंतर आपल्या गाण्याला नवे नाही. वामनदादा कर्डकांची (1922–2004) गीते गावोगावच्या गायनपार्ट्यांनी उचलली, आपापल्या गळ्यात बसविली. मात्र ती फिरताना शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव बरोबर घेऊन फिरत होती.

प्रश्न यंत्राच्या पोटात काय आहे, हा आहे. मिडी ही 1983 साली आलेली व्यवस्था. तीत आवाज साठविला जात नाही, आज्ञा साठविली जाते: कोणती पट्टी, केव्हा, किती जोराने. म्हणून फाईल हलकी असते आणि दूरच्या साथीदाराला ती उघडून एखादा स्वर बदलता येतो. पण आज्ञा पाळणारे वाद्य यंत्रात असावे लागते. 1991 मध्ये जनरल मिडी या नावाने 128 आवाजांची यादी ठरली. तीत सतार आहे, शहनाई आहे. तालवाद्यांची यादी वेगळी; तीत बोंगो आहे, कोंगा आहे. हलगी नाही, तुणतुणे नाही, ढोलकीसुद्धा नाही.

कोणी म्हणेल, हलगी ही तर गावकीने लादलेली चाकरी. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर कितीतरी वस्त्यांनी अशी कामे झुगारली, आता तिच्यासाठी गळा कशाला काढता? आक्षेप खरा आहे. पण आपण एखादी गोष्ट टाकणे आणि दुसऱ्याच्या यादीत ती मुळातच नसणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत निर्णय आपला असतो.

आता हलगीचे तयार नमुने मिळतात आणि ट्रॅकवाले ते सर्रास वापरतात. तरीही कान फसत नाही. हलगी शेकून चढवावी लागते. कातडे थंड झाले की आवाज उतरतो, वादक पुन्हा शेकतो. नमुना मात्र एकाच क्षणाचा. शिवाय यंत्र प्रत्येक ठोका ओढून चौकटीत बसविते. वादक गायकाचा श्वास पाहून जरा मागे रेंगाळतो, ते रेंगाळणे तिथे चूक ठरून पुसले जाते. (ही चौकट बंद करता येते, घाईच्या कामात कोण करतो?)

मला त्याहून मोठी हानी झीलकऱ्याची वाटते. जलशात मुख्य गायकाची ओळ झीलकरी उचलून धरीत, तेव्हा ती एकट्याची राहत नसे. आता कोरस म्हणून त्याच गायकाचा गळा तीनदा एकावर एक चढवितात. ऐकायला भरीव वाटते, पण तिथे दुसरे कोणी नसते. सामूहिक मुक्तीचे गीत एकटाच माणूस स्वतःला साथ देत गातो, ही विसंगती आपल्या समीक्षकांना खटकू नये?

नावाचेही तसेच. भारतीय कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत; 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या मानधनातील वाट्याला संरक्षण दिले. पण फायलीवर ठळक नाव असते ते डीजेचे, आणि नवे गीतकार शेवटच्या कडव्यात नाव घालणे जुनाट समजतात. ते त्यांनी पुन्हा सुरू करावे. झीलही ट्रॅकवाल्यावर सोपवू नये. ढाणकीतल्या पाच जणांनी एका खोलीत बसून ती म्हणावी आणि नांदेडला पाठवावी. चौकटीत बसविताना ट्रॅकवाल्याला त्रास होईल. तो त्याने घ्यावा.