पैठणीचा मऊपणा

शान्ता शेळके (1922–2002) यांची ‘पैठणी’ ही कविता मराठी वाचकांच्या इतकी परिचयाची आहे, की तिच्याविषयी आता नव्याने काही लिहावे असे सहसा कुणास वाटत नाही. गोड कविता, आजीची आठवण, डोळ्यांत क्षणभर पाणी, आणि पुढचे पान. आमच्या मते कवितेवर हा अन्याय आहे. घरातील माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या वस्त्राचे व दागिन्याचे मोल नेमके कशात असते, याविषयी ही कविता फार अचूक काही सांगते. आणि एका ठिकाणी ती आमच्यासारख्या वाचकाला अडवतेही.

कवितेचा विषय साधा आहे. फडताळात एक गाठोडे आहे आणि त्यात अगदी तळाशी आजीची पैठणी आहे. नारळी पदर, जरीची चौकडी, रंग धानी. आजी ती आपल्या लग्नात नेसली होती. पुढे वर्षे गेली, संसार झाला, सणवार झाले, आणि कोऱ्या वस्त्राचा ताठ पोत हळूहळू मवाळ होत गेला. अत्तराची बोटे केव्हातरी तिला पुसली गेली, धूप-कापराचा वास तिच्यात मुरला. नात आज ती उराशी धरते तेव्हा त्या स्पर्शात तिला आजी भेटते.

येथे वाचकाने थोडे थांबावे. शांताबाईंनी पैठणीची किंमत सांगितलेली नाही आणि तिच्या कारागिरीचे कौतुकही फार केलेले नाही. त्यांनी नोंदवला आहे तो मऊपणा, वास आणि पुसलेल्या बोटांचा डाग. दुकानदाराच्या दृष्टीने हे तिन्ही दोष आहेत. कोरेपण गेलेले, वास लागलेला, डाग पडलेला माल तो निम्म्या भावातही घेणार नाही. ज्या गोष्टींनी वस्त्राचा भाव उतरतो, नेमक्या त्याच गोष्टींनी नातीच्या लेखी त्याचे मोल चढते. कवितेचा सारा जीव या एका उलट हिशोबात आहे, आणि शब्दांचा कोणताही गाजावाजा न करता तो तेथे मांडलेला आहे.

आम्हां मनमाडकरांना ही कविता जरा जवळून वाचता येते. दौंडच्या लोहमार्गाने निघाले की अंकाईच्या पलीकडे येवला लागते. अंतर जेमतेम पंचवीस-सव्वीस किलोमीटर. पैठणीला नाव पैठणने दिले, पण आज तिचे माग प्रामुख्याने येवल्यात चालतात. 2010 साली तिला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. खऱ्या पैठणीच्या पदरावरील नक्षी छापलेली नसते, वरून भरलेलीही नसते. प्रत्येक रंगाची स्वतंत्र छोटी तिल्ली हाताने ताण्यातून फिरवीत विणकर ती धाग्याधाग्याने विणत जातो. म्हणून पदराच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात, मागे धागे लोंबत नाहीत. एका वस्त्राला कधी आठवडे तर कधी महिने लागतात. आणि तरीही जुन्या जरीच्या वस्त्रांचा शेवट पुष्कळदा काय होतो? ती दारावर आलेल्या खरेदीदाराला विकली जातात आणि जाळून त्यांतील चांदी-सोने काढून घेतले जाते. कवितेतील गाठोडे त्या आगीतून वाचले आहे, हे ध्यानात ठेवून ती पुन्हा वाचावी.

सोन्याचे असे नाही. आजीची पाटली सोनाराकडे जाते, वितळते, नातीच्या बांगड्या होऊन परत येते. वजन तेवढेच, घट वजा जाता. घरातील मृत्यूनंतर भावंडांमध्ये वाटणी होते तेव्हा तराजू बाहेर येतो तो सोन्यासाठी. लुगड्यासाठी कुणी तराजू काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही. फ्रेंच कथाकार मोपासाँ यांची 1884 साली प्रसिद्ध झालेली हाराची कथा पुष्कळांनी वाचली असेल. मैत्रिणीकडून मागून आणलेला हार हरवतो, तसाच दुसरा हार विकत घेऊन परत केला जातो, त्या कर्जापायी नवरा-बायकोची दहा वर्षे मातीमोल होतात, आणि अखेरीस कळते की मूळ हार खोटाच होता. या कथेतील एक बारीक तपशील आम्हांस फार बोलका वाटतो. हार परत मिळाल्यावर ती मैत्रीण पेटी उघडूनही पाहत नाही. ज्या वस्तूत कुणाची आठवण नाही, तिच्या जागी दुसरी ठेवली तरी धन्याला पत्ता लागत नाही. शांताबाईंच्या नातीपुढे हुबेहूब दुसरी पैठणी ठेवली असती, तर डोळे मिटूनही तिने ती ओळखली असती.

आता अडचणीकडे वळतो. आजीला अहेवपणी मरण आले आणि तिच्या आयुष्याचे सार्थक झाले, असे कविता सांगते, आणि त्यासाठी सोन्याचा एक रूढ वाक्प्रचार वापरते. त्या पिढीची मूल्ये कवयित्रीने प्रामाणिकपणे नोंदवली, असे म्हणता येईल, आणि ते खोटे नाही. तरी आम्ही येथे अडखळतो. तोवर प्रत्येक गोष्ट स्पर्शाने व वासाने पारखून घेणारी कविता या एकाच जागी बाजारात चालणारे तयार नाणे काढते. पती आधी गेला असता तर? पैठणीचा मऊपणा तोच राहिला असता, अत्तराचा डागही तोच. फक्त आजीला ती पुन्हा नेसता आली नसती. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी आज्यांनी वैधव्याची तीस-चाळीस वर्षे काढली आणि लग्नातले वस्त्र ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवले. त्यांच्या गाठोड्याला या कवितेत जागा मिळत नाही. कवितेचा हा मोठा दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही, पण तो आहे.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे, आणि ती कवितेचा दोष नव्हे, आपल्या वाचनाची आहे. नाशिक व आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील आपल्या भाविकांपैकी अनेकांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. त्यांच्या आज्यांच्या गाठोड्यात पैठणी नव्हती. अंगावर जे दागिने होते, ते कधीकधी हौसेपेक्षा ओळख पटवण्याच्या कामी येत. डिसेंबर 1927 मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे केलेले भाषण या संदर्भात आठवावे. गळ्यातील गळसऱ्यांचा ढीग, हातांतील चांदीच्या वा कथलाच्या गोठपाटल्या आणि लुगडे नेसण्याची विशिष्ट तऱ्हा या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत. त्या टाका, दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालूच नका, असे त्यांनी सांगितले. महाडहून परतताना अनेकींनी लुगडे नेसण्याची रीत बदललेली होती. आठ वर्षांनी, 13 ऑक्टोबर 1935 रोजी, त्यांनी धर्मांतराची घोषणा केली ती पैठणीच्याच गावी, येवल्यास. आमच्या मनमाडात 1938 च्या फेब्रुवारीत रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद त्यांच्याच अध्यक्षतेखाली भरली होती.

तेव्हा आजीकडून आलेले ते सारे जपण्याजोगेच, असे सरसकट म्हणता येत नाही. कुणाच्या आजीने कथलाची पाटली फेकून दिली असेल, तर त्या घराचा वारसा हे फेकणे आहे. ती पाटली आज कुणी कौतुकाने काचेच्या कपाटात मांडू लागला, तर ज्या हातांनी ती उतरवली त्यांचा तो अवमान ठरेल. ‘पैठणी’ वाचताना हा दुसरा, रिकामा हात डोळ्यांपुढे असावा.

मग अशा घरांत काय उरते? गोधडी उरते. विरलेली लुगडी, फाटके धोतर, मुलांची आखूड झालेली झबली एकावर एक अंथरून, मोठ्या धावदोऱ्याने शिवलेली. तिच्यात कुणा एकाची आठवण वेगळी काढता येत नाही; एका थरात आजी, दुसऱ्यात आत्या, मधे कुठे लहानपणीच गेलेल्या भावाचा सदरा. ती जपून ठेवली जात नाही, रोज पांघरली जाते, आणि झिजून संपते. मऊपणाचा जो हिशोब शांताबाईंनी रेशमावर मांडला, तो सुती चिंध्यांवरही तंतोतंत लागू पडतो. कवितेची कसोटी आम्ही येथे लावतो आणि ती उतरते. कवयित्रीला हे अभिप्रेत होते की नव्हते, हा प्रश्न गौण आहे.

एक उणीव मात्र पैठणीत आहे आणि गोधडीत नाही. पैठणी विणणारा कवितेत कुठेच येत नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात यापो गावच्या टबीथाची कथा आहे. ती मरण पावते, पेत्र येतो, आणि माडीवरच्या खोलीत विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहून ती आपल्यात असताना तिने केलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवतात. तिच्या दानधर्माची यादी त्या वाचत नाहीत. कपडे पुढे धरतात, बस्स. तेथे वस्त्र करणारीचीच आठवण होते, आणि ती जपणाऱ्या विधवाच असतात. शांताबाईंची नात आणि यापोच्या विधवा यांना शेजारी बसवले तर दोघींचे पुष्कळ जमेल, पण विधवा एक प्रश्न हमखास विचारतील: हे विणले कुणी?

कवितेचा शेवट आम्हांस विशेष आवडतो. नात पैठणीच्या चौकड्यांनाच निरोप सांगते: आजीला माझे कुशल कळवा. एलियाचा झगा उचलण्यापूर्वी अलीशाने त्याच्या आत्म्याचा दुप्पट वाटा मागितला होता. ही नात काहीच मागत नाही, आशीर्वादसुद्धा नाही. ती आपली खुशाली तेवढी पाठवते, गावाला गेलेल्या माणसाला पाठवावी तशी. 2 नोव्हेंबरला मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जाणाऱ्या आपल्या लोकांना ही भाषा शिकवावी लागत नाही. कबरीशी बसून धाकट्याला नोकरी लागली, थोरलीला मुलगी झाली, असे हळू आवाजात सांगणाऱ्या बाया आपण दरवर्षी पाहतो.