सात रुपये किलोमीटर

आपल्या बॉथेल, मिल क्रीक, वुडिनव्हिलच्या पट्ट्यात शनिवारी रात्री चार मराठी कुटुंबं जमली की गप्पांचा क्रम ठरलेला असतो. जेवणाआधी घरांच्या किमती, जेवताना मुलांच्या शाळा, आणि जेवणानंतर विज्ञान. कुणीतरी खिशातून फोन काढतो, "हे वाचलंत का?" म्हणतो. पहिल्या मिनिटाला बातमी, दुसऱ्या मिनिटाला त्यावर ठाम मत, तिसऱ्या मिनिटाला विनोद, आणि चौथ्या मिनिटाला मसाला दूध. बातमी तिथेच संपते. विनोद मात्र घरोघरी जातो.

आपण नाटकाचं परीक्षण करतो, पुस्तकाचं करतो, दिवाळी अंकांचं तर करतोच करतो. नाटक वर्षातून एखादं पाहायला मिळतं. हे विनोद आणि हे शेरे रोज कानावर येतात, त्यांचं परीक्षण मात्र कुणी केल्याचं ऐकिवात नाही. "काहीही लिहा, पण तांत्रिक नको," असं संपादकांनी बजावल्यामुळे यंदा मी तेच करायचं ठरवलं आहे.

सुरुवात उत्तम नमुन्यापासून करू. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रापासून जेमतेम दोन किलोमीटर वर असताना त्याचा संपर्क तुटला. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून भारतात वाहतुकीचे नवे, जबर दंड लागू झाले होते. दोन दिवसांनी नागपूर पोलिसांनी ट्विटरवर विक्रमला विनंती केली की बाबा रे, उत्तर दे, सिग्नल तोडल्याबद्दल आम्ही तुझी पावती फाडणार नाही.

हा विनोद मी पहिल्या नंबरावर ठेवतो, आणि त्याची कारणं आहेत. 'सिग्नल' हा शब्द त्यात दोन्ही बाजूंनी नीट बसतो, ओढूनताणून आणलेला नाही. त्यात पोलीस स्वतःलाच हसतात, शास्त्रज्ञांना नाही. आणि सगळा देश तोंड पाडून बसला असताना घरातला एखादा वऱ्हाडी काका जसं काहीतरी बोलून वातावरण हलकं करतो, तसं ते होतं. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे हा विनोद कळायला बातमी कळावी लागते. लँडर सापडतो आहे की नाही, तो बोलत का नाही, हे ठाऊक नसेल तर हसू येत नाही. चांगला विनोद आपल्याला बातमीच्या आत नेतो. वाईट विनोद दार लावून घेतो आणि म्हणतो, झालं, कळलं तुला सगळं.

दार लावून घेणाऱ्यांचा मुकुटमणी म्हणजे 'सात रुपये किलोमीटर'. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत गेलं. खर्च साधारण साडेचारशे कोटी रुपये, प्रवास पासष्ट कोटी किलोमीटर. भागाकार करा, सात रुपये. अहमदाबादच्या रिक्षालाही दहा रुपये पडतात, ही तुलना त्याच आठवड्यात खुद्द पंतप्रधानांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सांगितली आणि टाळ्या घेतल्या. सभेत ती शोभली, सभेची भाषा वेगळी असते. पण त्यानंतर आपल्या इंजिनियर मंडळींनी ती गंभीरपणे, पुरावा म्हणून सांगावी?

रिक्षाला प्रत्येक किलोमीटरला पेट्रोल लागतं. यानाला लागत नाही. १ डिसेंबर २०१३ ला मंगळयानाचं मुख्य इंजिन बावीस मिनिटांच्या आसपास चाललं आणि यान पृथ्वीच्या पकडीतून सुटलं. मंगळाशी पोचल्यावर वेग कमी करायला ते पुन्हा साधारण चोवीस मिनिटं चाललं. मधले तीनशे दिवस मुख्य इंजिन जवळजवळ पूर्ण वेळ बंद. म्हणजे उतारावर इंजिन बंद करून मीटर चालू ठेवणारा रिक्षावाला आपण पाहिला असेल, तोच हा प्रकार! खर्च होतो तो निघण्याचा आणि थांबण्याचा. मधलं अंतर फुकट असतं. त्यामुळे जितकं दूर जाल तितका किलोमीटरचा भाव उतरतो. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ आज २४०० कोटी किलोमीटरहून दूर आहे आणि रोज अधिकाधिक स्वस्त होत चाललं आहे. या हिशेबाने जगातली सर्वांत स्वस्त सफर म्हणजे जी कधीच संपत नाही ती.

आता मला या विनोदाचा राग त्यातल्या गणितासाठी येत नाही. तो यासाठी येतो की इंजिन बंद ठेवून तीनशे दिवस जाणं, आणि नेमक्या क्षणी ते परत चालू होईल याची खात्री नसणं, ही त्या मोहिमेतली खरी उत्कंठा होती. दहा महिने झोपलेलं इंजिन. कोलंबस डेला गॅरेजमध्ये ठेवलेलं गवत कापायचं यंत्र मे महिन्यात चालू करून पाहिलेल्या माणसाला तरी हे कळायला हवं! सात रुपयांनी ती सगळी गोष्ट गिळून टाकली. सहा महिन्यांसाठी बनवलेलं ते यान २०२२ पर्यंत टिकलं, हेही तिने गिळलं.

त्याच सुमाराला न्यूयॉर्क टाइम्सने ते व्यंगचित्र छापलं. आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. धोतर-मुंडाशातला शेतकरी गाय घेऊन 'एलिट स्पेस क्लब'चं दार ठोठावतो आहे आणि आत सुटाबुटातले दोन गृहस्थ भारताच्या मंगळ मोहिमेची बातमी वाचताहेत. चित्रकार सिंगापूरचे हेंग किम साँग. आपण सगळे खवळलो, पत्रं गेली, आणि ऑक्टोबरमध्ये वृत्तपत्राच्या संपादकांनी माफी मागितली. अंतराळ आता फक्त श्रीमंत पाश्चिमात्यांचं राहिलं नाही एवढंच चित्रकाराला दाखवायचं होतं, असा त्यांचा खुलासा होता. हेतू मी मान्य करतो. पण चित्राचं परीक्षण हेतूवर होत नाही, कागदावर जे उतरलं त्यावर होतं. ज्यांनी यान बांधलं ते या चित्रात कुठेच नाहीत. दार ठोठावणारा आणि दारामागे बसलेले, एवढेच लोक आहेत.

शेजारी आर. के. लक्ष्मण यांचं जुनं चित्र ठेवून पाहा. चंद्रावर पाठवायला माणूस निवडायचा आहे, शास्त्रज्ञ जमलेत, आणि समोर आपला तो चौकटीच्या कोटातला सामान्य माणूस. हाच योग्य उमेदवार, कारण अन्न, पाणी, उजेड, निवारा, कशाशिवायही जगायची याला सवय आहे. दोन्ही चित्रांत गरीब भारतीय आहे आणि अंतराळ आहे. पण लक्ष्मण यांच्या चित्रात हसू येतं ते राज्य चालवणाऱ्यांचं, आणि तो माणूस मात्र काही न बोलता सर्वांहून मोठा होऊन उभा राहतो. शिवाय गंमत म्हणजे विनोदाचा पायाही शास्त्रीय आहे. चंद्रावर खरंच ना अन्न आहे, ना निवारा.

बैलगाडीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो. १९८१ सालचा एक फोटो आपल्या फोनवर वर्षातून दोनदा तरी येतो. अ‍ॅपल नावाचा भारतीय उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला आहे. खाली मजकूर ठरलेला. एक तर "बघा, कुठून कुठे आलो," नाही तर "आपला जुगाड!" दोन्ही शेरे नापास. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती आणि धातूच्या ट्रकमुळे लहरींच्या मोजणीत गडबड झाली असती. लाकडी गाडीमुळे ती होत नाही. म्हणजे ती बैलगाडी हे गरिबीचं चित्र नव्हे, ते प्रयोगाचं उपकरण होतं. हे कळल्यावर तो फोटो किती वेगळा दिसायला लागतो!

दिवाळीच्या रात्रीचा 'नासाने काढलेला' रंगीबेरंगी भारताचा फोटोही याच जातीचा. तो एका रात्रीचा नाहीच. १९९२ ते २००३ या काळात रात्रीचे दिवे कुठे वाढले ते दाखवायला वेगवेगळे रंग देऊन तो बनवला आहे. नासाने नोव्हेंबर २०१२ मध्ये दिवाळीच्या वेळचं खरं चित्र दिलं, त्यात दिवाळीची वेगळी अशी रोषणाई डोळ्यांना दिसतही नाही. ते चित्र मात्र मला आजवर एकाही आत्याने पाठवलेलं नाही.

आता मतांकडे येऊ. दोन मतं आपल्यात कायम आहेत. एक, "हे आपल्याकडे होतंच." दोन, "आपल्याकडे काय होणार?" बऱ्याचदा एकच गृहस्थ दोन्ही मतं एकाच जेवणात मांडतात, पहिलं भूतकाळाबद्दल आणि दुसरं वर्तमानकाळाबद्दल.

पहिल्याचं मराठी दैवत म्हणजे शिवकर बापूजी तळपदे. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ मध्ये, गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं, ही कथा. तिला त्या काळातला भरवशाचा पुरावा मिळत नाही. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला, तेव्हा या सगळ्याला पुन्हा पंख फुटले. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला दिला जातो, त्याचा अभ्यास बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच जणांनी १९७४ सालीच करून ठेवला आहे. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडणं शक्य नाही, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांनी तो ग्रंथ नुसता हसून सोडून दिला नाही, आकृत्या घेऊन हिशेब केले. माझ्या मते ग्रंथाला याहून मोठा मान कुणी दिलेला नाही.

मला चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. तळपद्यांच्याच मुंबईत शंकर आबाजी भिसे नावाचे गृहस्थ १८६७ साली जन्मले. छपाईचे टाइप ओतायचं यंत्र त्यांनी बनवलं, लंडनला गेले, दादाभाई नौरोजींनी त्यांना मदत केली, पुढे ते अमेरिकेत आले, पेटंटं घेतली, आयोडीनपासून एक औषध काढलं, आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारले. यांची पेटंटं आजही उघडून वाचता येतात. परदेशात येऊन, भांडवलासाठी दारोदार फिरून, स्वतःच्या नावावर यंत्र उभं करणारा मराठी माणूस, म्हणजे आपल्यापैकी निम्म्यांचं स्वप्न! त्यांच्यावर मात्र ना विनोद, ना फॉरवर्ड, ना सिनेमा. तळपद्यांवर २०१५ मध्ये हिंदी सिनेमा निघाला. उडालं की नाही हे ठाऊक नसलेलं विमान आपल्याला जवळचं वाटतं, आणि पेटंट कचेरीत नोंदलेलं यंत्र कंटाळवाणं.

वाय-टू-केच्या विनोदाला फार जागा देत नाही. "काहीच झालं नाही, नुसता बागुलबुवा होता," असं म्हणणारे आमच्या धंद्यातच आहेत, हे विशेष. वर्षाचे दोनच आकडे साठवलेल्या लाखो ओळी ज्यांनी रात्री जागून तपासल्या, त्यात माझ्या आधी या देशात आलेले कितीतरी मराठी लोक होते. काही झालं नाही हेच त्यांचं काम होतं. (एआयवरच्या विनोदांचं परीक्षण यंदा करत नाही. त्यात आमची पोटाची भीती इतकी मिसळलेली आहे की मी निःपक्षपाती राहू शकणार नाही.)

शेवटी दुसरं मत, "आपल्याकडे काय होणार." इथे मला हिंगोलीबद्दल बोलायचं आहे. लायगोचं नाव आपल्याला ठाऊक असतं, कारण त्यातली एक वेधशाळा आपल्याच राज्यात हॅनफर्डला आहे, बॉथेलहून गाडीने साडेतीन-चार तास. बॉथेलच्या आपल्या विद्यापीठातही त्यावर काम करणारा गट आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला हॅनफर्ड आणि लुइझियानातल्या लिव्हिंगस्टन इथे पहिल्यांदा गुरुत्वीय लहर सापडली. चार किलोमीटर लांबीच्या नळ्यांमध्ये प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी कमी फरक पडला, तो मोजला. तशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. यावर आपल्याकडचा विनोद तयारच होता. "तिथे लाइट टिकत नाही, लहरी कुठून टिकणार?" आणि "बाजूने बैलगाडी गेली तरी यांना वाटेल कृष्णविवरं आदळली."

पहिला नेहमीचा, सोडून देऊ. दुसरा मात्र सांगणाऱ्याच्या नकळत खरा आहे. हे यंत्र इतकं हळवं असतं की रस्त्यावरची वाहतूक त्याला जाणवते. म्हणून तर शांत, कमी हादऱ्यांची जमीन शोधत शोधत लोक मराठवाड्यात पोचले. आणि अमेरिकेत सगळं सुरळीत असतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: हॅनफर्डच्या नोंदींत एकदा अनोळखी खळबळ दिसू लागली. शोध घेतला तेव्हा कळलं की थंड नळ्यांवर जमलेलं बर्फ डोमकावळे चोचीने टोचत होते. वाळवंटातली वाऱ्यावर गडगडणारी झुडपं तिथे नळ्यांपाशी साठतात, ती काढत बसावं लागतं. म्हणजे आमच्याकडे बैल, तुमच्याकडे कावळे.

पुण्यात नारळीकरांनी १९८८ मध्ये आयुका उभी केली. तिथे संजीव धुरंधर यांनी सत्यप्रकाश यांच्याबरोबर, अशी लहर गोंगाटातून कशी ओळखायची याचं गणित १९९१ सालीच मांडलं. तेव्हा लायगोच्या या वेधशाळा बांधायलाही सुरुवात झाली नव्हती. हे मी आपल्या मुलांसमोर मोठ्याने बोललं जावं म्हणून लिहितो आहे. शनिवारी रात्री मुलं जिन्यात बसून आपलं सगळं ऐकत असतात. "आपल्याकडे काय होणार" हे त्यांना मराठीतून कळतं, आणि हॅनफर्ड शाळेत इंग्रजीतून. मग मराठी ही हसण्याची भाषा आणि इंग्रजी ही कळण्याची, अशी वाटणी त्यांच्या डोक्यात झाली तर त्यांना काय बोलणार?

हिंगोलीच्या जागेवर काम व्हायला अजून काही वर्षं जातील. तोपर्यंत तिसरीकडे, इतक्या लांब एक वेधशाळा कशाला हवी, हा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर सोपं आहे. २०१५ ची लहर लिव्हिंगस्टनला पोचली आणि त्यानंतर सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. या उशिरावरून ती आकाशात कुठून आली याचा अंदाज बांधतात, आणि दोन कानांनी तो फार ढोबळ येतो. कान जितके लांब लांब, तितकी दिशा नेमकी. हॅनफर्डहून हिंगोली पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या बाजूला आहे. इथून घरी फोन लावताना आपण रोज जे साडेबारा-साडेतेरा तास मोजतो, तेच अंतर त्यांना हवं आहे.