बेगमपेठचा विमानतळ : प्रचलित वृत्तांतांचें परीक्षण

हैदराबाद शहरांतील बेगमपेठच्या विमानतळाविषयीं हल्लीं जे लहानमोठे वृत्तांत प्रसिद्ध होतात, त्यांचा सारांश बहुधा दोन वाक्यांत येतो : निजामानें तो १९३० च्या सुमारास स्थापिला आणि २००८ सालीं तो बंद पडला. हीं दोन्ही विधानें अर्धवट आहेत, एवढें दाखविण्याचा आमचा उद्देश आहे. हिंगोलीकडील वाचकांस हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. हा जिल्हा परभणीपासून १ मे १९९९ रोजीं वेगळा झाला खरा. परंतु १९५६ पर्यंत हा सर्व मुलूख हैदराबाद राज्यांत होता. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीचा सारा ज्या खजिन्यांत जाई, त्याच खजिन्याच्या आश्रयानें हा विमानतळ वाढला. सबब त्याच्या इतिहासाची चौकशी करणें आमचेंहि काम आहे.

पहिला आक्षेप 'स्थापना' या शब्दावर. तींत तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या आश्रयानें चाललेला हवाई क्लब ही पहिली गोष्ट. उतारूंच्या सोयीसाठीं १९३७ सालीं झालेली इमारत ही दुसरी. १९४५ सालीं निघालेली 'डेक्कन एअरवेज' कंपनी ही तिसरी. हिच्यांत संस्थानाबरोबर टाटांचाहि भाग होता. या कंपनीनें महायुद्धानंतर डाकोटा विमानें चालविलीं आणि व्यावसायिक वैमानिक स्त्रियांत अग्रणी अशा प्रेम माथूर यांस नोकरीस घेतलें. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणांत ती इंडियन एअरलाइन्समध्यें विलीन झाली. सारेंच एका राजाच्या नांवावर जमा केलें म्हणजे क्लबाचे सभासद, टाटांचें भांडवल आणि कंपनीचे नोकर हे सर्व हिशेबांतून गळतात.

दुसरा आक्षेप १९४८ च्या प्रकरणाचा. १३ ते १७ सप्टेंबर या पांच दिवसांत हिंदी सैन्यानें संस्थान हस्तगत केलें. त्यापूर्वीं सिडने कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून चोरून शस्त्रें आणीत असे. 'हैदराबादेंत शस्त्रें उतरलीं' असें मोघम लिहिलें कीं वाचकाच्या डोळ्यांपुढें बेगमपेठ उभें राहतें. परंतु त्या उड्डाणांच्या संबंधांत नांवें येतात तीं बीदर व वरंगळ येथील धावपट्ट्यांचीं, आणि कारवाईंत हिंदी विमानांनीं बाँबहल्ले केले तेहि याच ठिकाणांवर. संस्थान व शहर यांचें नांव एकच असल्यामुळें हा घोटाळा होतो. तो टाळणें हें लेखकाचें कर्तव्य आहे.

तिसरा आक्षेप 'बंद' या शब्दावर, आणि तोच आमच्या मतें महत्त्वाचा. डिसेंबर २००४ च्या करारान्वयें शमशाबादचा नवा विमानतळ खासगी कंपनीकडे आला, व तो सुरू होतांच बेगमपेठेची नियमित उतारू-वाहतूक थांबावी असें ठरलें. मार्च २००८ मध्यें विमानतळ प्राधिकरणाच्या नोकरांनीं देशभर संप केला, तो हैदराबाद व बंगलोर येथील जुने विमानतळ बंद करण्याच्या धोरणाविरुद्ध. तो निष्फळ ठरला. २३ मार्च २००८ पासून वाहतूक शमशाबादेस गेली. परंतु बेगमपेठची धावपट्टी मोडली नाहीं. लष्कराचा वापर, मोठ्या अधिकाऱ्यांचीं विमानें व हवाई प्रदर्शनें चालूच राहिलीं. ५ मार्च २०२४ रोजीं नागरी विमानवाहतुकीच्या संशोधन संस्थेचें उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्तें झालें, तेंहि याच जागेसंबंधानें. म्हणजे बंद झालें तें सामान्य उतारूचें दार. सत्तेचें दार उघडेंच राहिलें. 'विमानतळ बंद झाला' या वाक्यांत हा भेद मुळींच दिसत नाहीं.

याच २००८ सालीं, ३० ऑक्टोबर रोजीं, बर्लिन शहरांतील टेंपेलहोफ विमानतळहि बंद झाला. २०१० सालीं तें मैदान लोकांस फिरण्यासाठीं खुलें करण्यांत आलें, आणि २५ मे २०१४ च्या सार्वमतांत नागरिकांनीं त्याच्या कडेस बांधकाम करण्याची योजना नाकारली. त्या निर्णयाचे गुणदोष कांहींहि असोत; प्रश्न लोकांपुढें आला हें खरें. बेगमपेठेच्या उतारूंचें भवितव्य सरकार व कंपनी यांच्या करारांत ठरलें.

जागेचा उपयोग बदलला कीं तिचा इतिहास कसा झिजतो, हें हिंगोलीकरांस सांगणें नको. येथें हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९०३ सालीं तें सैन्य हिंदी लष्करांत मिळवून टाकण्यांत आलें. अशा छावणीचा वृत्तांत लिहूं गेल्यास अधिकाऱ्यांचीं नांवें सहज मिळतात. घोड्यांस दाणा पुरविणारा, पाणी भरणारा भिस्ती, बाजारांतला वाणी यांचीं मिळत नाहींत. बेगमपेठेचेंहि तसेंच होण्याचा संभव आहे. म्हणून तेथें नव्या बांधकामाचा नकाशा काढण्यापूर्वीं जुन्या इमारतींचें मोजमाप व्हावें. उड्डाणांच्या नोंदवह्या, नोकरांचे पट व जमिनीचे कागद एकत्र करावे. आणि तेथें काम केलेल्या वृद्ध मंडळींच्या जबान्या ती पिढी हयात आहे तोंच लिहून घ्याव्या. हें काम हैदराबाद व मराठवाडा येथील अभ्यासकांनीं मिळून हातीं घ्यावें, अशी आमची सूचना आहे.