उद्योजकतेचे धडे आणि धोक्याचा वाटा
उद्योजकतेच्या वर्गांत ‘लिज्जत’ची गोष्ट हमखास सांगतात. १९५९ साल, गिरगाव, सात बायका, ८० रुपये उसने. तात्पर्य काय, तर जिद्द! माझा आक्षेप इथंच आहे. तिथं पीठ केंद्रात मळलं जातं. बहिणी पापड घरी लाटतात, मजुरी घेतात. विक्री संस्था बघते, नफा-तोटा सगळ्या मिळून वाटून घेतात. म्हणजे बाजाराचा धोका एकटीच्या डोक्यावर नाही. आपले वर्ग मात्र हिशेब, जाहिरात, कर्जाचा अर्ज शिकवतात आणि गरिबाला एकट्यालाच बाजारात सोडतात. धंदा बुडाला, की जिद्द कमी पडली म्हणायचं! ज्याच्या घरी उद्याचं पीठ नाही, त्याला धाडस शिकवण्याआधी धोका वाटून घ्यायची व्यवस्था शिकवा. नाहीतर हे शिक्षण गरिबी हटवत नाही. तिचा दोष तेवढा गरिबाच्या माथी मारतं.